नवतप्यातलं जहाज

मनीषनगर, नागपूर
१८ मार्च २०२४

सिंधू,

नमस्कार-चमत्कार सोडून देतो, सरळ मुद्द्यावर येतो. फोनवर तुझ्याशी बोलणं होत नाही. मी हॅलो म्हणलं की तू "घे, आजोबा आहेत" म्हणते आणि फोन पोट्टीच्या हाती देते, मंग ती मले गाय कशी हंबरते ते ऐकवते. तिच्या नर्सरीतले सगळे प्राणी माझे ऐकून झाले. पत्र काही तिच्या हाती देता येणार नाही तुले, म्हणून लिहून राहिलो.

विचारायचं एकच आहे. तू परत येणार आहे की नाही? करिष्माच्या बाळंतपणाले म्हणून पुण्याले गेली, सव्वा महिन्यासाठी. ते बाळ आता गणवेश घालून शाळेत जाते. इथं लोक विचारतात. मी सगळ्यांले सांगतो, पुढच्या महिन्यात येऊन राहिली. आता वॉचमन मले विचारतही नाही, तोच सांगतो, बाई पुढच्या महिन्यात येणार असतील. रंभावहिनी दुर्गेशसाठी मुली पाहून राहिली, तीही म्हणते, धाकटी जाऊ घरात नसली तं पोराच्या लग्नात मी एकटी कुठं कुठं पुरणार. तिलेही तेच सांगितलं, पुढच्या महिन्यात.

दुसरं. करिष्माचं कुरियर आलं. उघडलं तं आत लाकडाच्या पातळ पट्ट्या, काड्या, दोऱ्याची रिळं आणि एक इंग्रजी कागद. घरबसल्या जहाज बनवायचं म्हणे. शिडाचं, लाकडी, टेबलावर ठेवण्यापुरतं. फोन केला तं म्हणते, "बाबा, वेळ जाईल तुमचा." नागपूरच्या माणसाले जहाज! अंबाझरी तलावात पायानं चालवायची बोट आहे, तेवढाच आपला दर्यावर्दीपणा, आणि त्या बोटीतही तू बसली होती, मी काठावर चपला सांभाळत होतो. चाळीस वर्षं सीताबर्डीत शर्ट विकले मी. वेळ कसा घालवायचा ते मले पोरीनं शिकवायची गरज नाही. खोका दिवाणाखाली सरकवून दिला.

तब्येत ठीक. जेवण ठीक. उत्तर लिही, फोन नको.

चंद्रभान

१४ एप्रिल २०२४

सिंधू,

उत्तर आलं नाही. करिष्माले विचारलं, तं म्हणते पत्र पोचलं, आईनं वाचलं, घडी करून ठेवलं आणि पोहे करायले गेली. पोहे कसे झाले होते तेही मंग विचारून घेतलं.

जहाज सुरू केलं आहे. त्याले कारण आपला पुतण्या. मी रोज दुकानात जाऊन बसत होतो, गल्ल्यावर नाही, बाजूच्या स्टुलावर. दुर्गेशनं परवा चहा मागवला, माझ्यासाठी बिस्किटंही मागवली, आणि बिस्किटं पाहूनच मी समजलो की काहीतरी वाईट बोलणार आहे. म्हणला, काका, तुम्ही असले की गिऱ्हाईक घाबरते. म्हणजे झालं असं, की एका जाड्या माणसाले मी सांगितलं होतं की हा आडव्या पट्ट्यांचा शर्ट तुमच्या पोटाले शोभत नाही. खरंच शोभत नव्हता. तरी माझ्या सख्ख्या पुतण्यानं, माझ्याच दुकानातून, मले बिस्किटं देऊन घरी पाठवलं.

घरी येऊन खोका बाहेर काढला.

यात आधी एक कणा असतो, जहाजाच्या पोटाखालचा. त्याच्या खाचांत फासळ्या बसवायच्या. गोंद लावायच्या आधी सुकं बसवून पाहायचं, डोळ्यासमोर धरून सरळ आहे का तपासायचं. शर्टाचंही तसंच, आधी कच्ची शिलाई. एवढं मले पटलं. दुकानातल्या टाचण्या आणल्या, टेप आणली, खडू आणला. फासळ्या गोंद धरेपर्यंत दाबून ठेवायले दोरीवरचे तुझे चिमटे घेतले. कपडे सध्या खुर्च्यांवर वाळून राहिले.

एक फासळी उलटी बसली. गोंद वाळल्यावर लक्षात आलं. तिच्याकडे पाहत बसलो आणि कोणीच काही बोललं नाही. तू असती तं बोलली असती, मी चिडलो असतो, आणि फासळी कोणाच्या चुकीनं उलटी बसली यावर आपला संध्याकाळपर्यंत वेळ गेला असता. ब्लेडनं काढली, सरळ बसवली.

मधे एकदा धंतोलीत दवाखान्यात जाऊन आलो, डोळ्याचं होतं. विशेष काही नाही. नर्सनं विचारलं सोबत कोण आहे, तं दुर्गेश होता. आता डाव्या डोळ्यानं तुझं भिंतीवरचं कॅलेंडर इथून वाचता येते. ते २०२१ चं आहे, बदलायचं राहून गेलं.

परत विचारतो. येणार की नाही?

चंद्रभान

६ मे २०२४

सिंधू,

मोतीबिंदू काढल्याचं आधी काहून नाही सांगितलं म्हणून करिष्मा माझ्यावर ओरडली. तुले सांगितलं असतं तं तू आली असती, आणि डोळ्यासाठी आलेली बाई डोळा बरा झाला की परत जाते. मले तसं नको होतं.

आता पट्ट्या लावून राहिलो. कामाची खरी गंमत इथंच आहे. पट्टी सरळ असते आणि जहाजाचं पोट गोल. म्हणून ती परातीत पाण्यात भिजवायची, मऊ झाली की फासळ्यांवरून हळू वाकवायची, गोंद लावून चिमट्यात धरायची. डावीकडे एक लावली की उजवीकडे एक, नाही तं कणाच पिळतो. घाई केली की पट्टी कट्कन मोडते. चार मोडल्या. पाचवीपासून हाताले समजलं की किती दाबायचं.

बसतो कूलरसमोर. तुझ्या मागे कूलरच्या वाळ्याच्या ताट्या मीच बदलतो, पाणी मीच भरतो. खोलीत गार, ओलसर, आणि पट्ट्या छान लवचिक राहतात. बाहेर निघालं की नाकात आग. पूर्ण दुपार माझी आत जाते. दोनदा जेवायचं विसरलो, डबा संध्याकाळी उघडला. डबा लावला आहे हे सांगायचं नव्हतं, पण लिहून गेलो तं राहू दे.

परवा करिष्मानं व्हिडिओ कॉल केला. तिले जहाज दाखवत होतो आणि मागून तुझा आवाज आला, "किती पट्ट्या झाल्या?" तू समोर आली नाही. तरी मले खूप बरं वाटलं, हे सरळ सांगतो. फोन ठेवल्यावर आणखी दोन लावल्या.

एक गोष्ट मनात फिरून राहिली. दुकानात होतो तोवर तू कुठं गेली नाही. रात्री दहाले मी घरी यायचो, तू वाढायची, आपलं बरं चाललं होतं. दुकान दुर्गेशच्या हाती दिलं, मी पूर्ण दिवस घरी बसायले लागलो, आणि सहा महिन्यांत करिष्माचं बाळंतपण निघालं. आता बाळंतपण काही तू ठरवलं नव्हतं, मान्य. जावई सौरव आहे त्याले कारणीभूत.

चंद्रभान

३० मे २०२४

सिंधू,

तुले फोनवर सगळं सांगून झालं आहे, पण तू मधे इतकी हसली की अर्धं ऐकलंच नसणार. म्हणून परत लिहितो.

मागच्या आठवड्यात शेवटची पट्टी लावली. पोट पूर्ण झालं. त्या इंग्रजी कागदावर पुढचं वाक्य होतं की आता हे पूर्ण वाळू द्या. कूलरच्या खोलीत ते काही वाळत नव्हतं, हात लावला की ओलसर लागायचं. आणि नागपूरच्या माणसाले नवतप्यात म्हणलं की वाळू दे, तं तो काय करणार? गच्चीवर नेणार. नवतप्याचे नऊ दिवस, सूर्य डोक्यावर बसलेला, बिल्डिंगमधल्या बायकांचं सगळं वाळवण वर पसरलेलं. कुरड्या, सरगुंडे, मिरच्या. मीही एक जुनी साडी अंथरली आणि कुरड्यांच्या रांगेत माझं जहाज मांडलं. तुझी साडी. ती जांभळी, तू नेसत नव्हती ती. कावळे येऊ नये म्हणून बाजूले काठीवर काळं फडकंही बांधलं.

दुपारी खाली येऊन झोपलो. ऊन उतरल्यावर वर गेलो तं जहाज उघडलं होतं. पट्ट्या आकसल्या, टोकं वर उठली, मधे काडेपेटीची काडी जाईल एवढ्या फटी, आणि आतल्या फासळ्या मोजता याव्यात अशा दिसून राहिल्या. बायका आपापलं वाळवण उचलायले आल्या होत्या, त्या सगळ्या भोवती उभ्या राहिल्या. कोणी हसलं नाही. चौथ्या माळ्यावरच्या बाईनं वाकून पाहिलं आणि खरंच विचारलं, "काका, हे तळायचं असते काय?"

फोटो पाठवला आणि दोन मिनिटांत तुझा फोन. तुझा स्वतःचा, करिष्माचा नाही. आधी तुले बोलताच येत नव्हतं. मंग म्हणली, उडदाचा पापडसुद्धा मी सावलीत वाळवते, उन्हात टाकला की वाकडा होतो, जन्मभर पापड खाल्ले आणि एवढं माहीत नाही. आणि परत हसली. पोट्टी मागून फोन मागत होती, तू तिले दिला नाही. सिंधू, असं हसणं मी किती दिवसांनी ऐकलं. जहाज फाटलं त्याचं मले काहीच वाटलं नाही.

रंभावहिनीले लगेच सांगितलं की आता नक्की. पावसाळ्याच्या आत सिंधू इथं असेल. तिनं लग्नाच्या साड्या आणायले तुझ्यासोबतच जायचं ठरवलं आहे.

मी घर झाडून घेतलं. कॅलेंडर बदललं.

चंद्रभान

२४ जून २०२४

सिंधू,

काल मी फोनवर गप्प झालो, तुले वाटलं लाईन गेली. लाईन होती.

आधी माझं सांगतो. या तीन आठवड्यांत आपण रोज बोललो. मी जहाजाचे किस्से तुले ऐकवत होतो, आणि खरं सांगू, त्यातले काही मुद्दाम वाढवूनही सांगितले. हार्डवेअरच्या दुकानदारानं मले सॅंडपेपर देताना "नाव कोण्या नदीत सोडणार" म्हणून विचारलं, तो किस्सा पूर्ण माझ्या मनचा होता. तू हसायची म्हणून रचला. मले वाटायचं की आज एवढी हसली, उद्या बॅग भरेल. आणि काल विचारून टाकलं, तिकीट कधीचं काढू?

तू जे म्हणली ते मी इथं लिहून काढतो. नाही तं महिन्याभरानं मी ते माझ्या सोयीनं बदलून ठेवीन.

तू म्हणली, "मी परत येणार नाही. तुमच्यावर राग नाही माझा, राग असता तं केव्हाच येऊन भांडली असती. इथं सकाळी डोळे उघडले की दिवस माझा असते. तुमचं जहाज मले आवडते, कारण ते तिथं आहे आणि मी इथं आहो. मी तिथं असती तं परात कुठं गेली, चिमटे कुठं गेले, साडी काहून घेतली, हेच करत बसली असती. मले हसू आलं नसतं."

आणि मंग म्हणली, "तो खोका पाठवायले मीच करिष्माले सांगितलं होतं. तुम्ही दिवसातून पाच-पाच वेळा फोन करायचे."

मले राग आला, सिंधू. जहाज कचऱ्यात टाकायले उचललं. उचललं तं इतकं हलकं, की टाकल्याचं समाधानही मिळालं नसतं. परत ठेवलं. मंग तुझं बोलणं खोटं कुठं आहे ते शोधत बसलो. परात मी खरंच पलंगाखाली ठेवली होती आणि ती कुठं आहे हे तू मले तीनदा विचारलं असतं. राग उतरला. वाईट वाटते ते आहे अजून, ते काही उतरलं नाही. जेवायले बसलो की जास्त वाटते.

काही दिवस फोन करणार नाही. रुसलो म्हणून नाही. काय बोलावं ते सुचत नाही.

चंद्रभान

८ सप्टेंबर २०२४

सिंधू,

उघडलेल्या पट्ट्या गरम पाण्याच्या फडक्यानं सोडवल्या. ज्या धड होत्या त्या परत बसवल्या, राहिलेल्या फटींत लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरला, घासून सारखं केलं. सावलीत वाळवलं. जवळून पाहिलं तं दुरुस्ती दिसते. लांबून दिसत नाही.

डोलकाठ्या उभ्या झाल्या. आता दोऱ्या बांधून राहिलो, त्या गाठी मले पटापट येतात, शर्टाच्या बंडलांनी शिकवल्या आहेत.

सकाळी खाली बाकड्यावर दोन म्हातारे बसतात, त्यांच्यात मीही जाऊन बसतो. ते मले पाहून उठून जात नाहीत, आतापर्यंत तरी.

दुर्गेशचं जमलं. मुलीचं नाव सोनिका, उमरेडची आहे. नोव्हेंबरच्या शेवटी लग्न. तू यायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही.

चंद्रभान

१ डिसेंबर २०२४

सिंधू,

लग्न झालं. तू आली नाही ते बरं केलं. आली असती तं सगळ्यांनी मिळून तुले बॅगेसकट ठेवून घेतलं असतं, आणि मी गप्प बसलो असतो.

जेवणाच्या वेळी झालं ते सांगतो. सगळी मोठी माणसं एका ओळीत बसली होती, दुर्गेशच्या दोन्ही आत्या, उमरेडचे व्याही, सगळे. रंभावहिनी मठ्ठा वाढत आली आणि सगळ्यांसमोर म्हणली, "काय भाऊजी, पुतण्याच्या लग्नालेही आणलं नाही तुम्ही तिले. आता कधी येऊन राहिली सिंधू?"

पुढच्या महिन्यात, हे तोंडात आलंच होतं. इतक्या वर्षांची सवय. ते गिळलं आणि म्हणलं, "येणार नाही वहिनी. ती आता तिथंच राहते, मी इथं राहतो. भांडण झालं नाही. तिले तिथं बरं वाटते."

ओळीत कोणीच घास उचलला नाही. व्याह्यांनी पानाकडे पाहिलं. वाटलं आता उठून जावं. वहिनीनं माझ्या वाटीत मठ्ठा ओतला, वाटी भरली तरी ओतत राहिली, मंग वाकून फक्त मले ऐकू येईल असं विचारलं, "तिले तिथं वेगळी खोली आहे काय?"

आपल्या घरात सून म्हणून ती पंचेचाळीस वर्षांपूर्वी आली. वेगळ्या खोलीचं तिच्या तोंडून कधी ऐकल्याचं मले आठवत नाही. मी म्हणलं, विचारून सांगतो. ती पुढच्या पानाकडे गेली. आत्यांनी मंग डाळीत मीठ कमी आहे असं म्हणलं आणि सगळे जेवायले लागले.

तं विचारून राहिलो, आहे काय? मले खरंच माहीत नाही. दोनदा येऊन गेलो पण बैठकीतच झोपलो आणि तू कुठं झोपते ते पाहिलं नाही.

जहाज पूर्ण झालं आहे. शिडं लावली. खोक्यात मावत नाही आता, मांडीवर धरून पुण्याले आणावं लागेल. तुले ठेवायचं असलं तं ठेव, नसलं तं पोट्टीले दे, ती दोन दिवसांत मोडेल, माझी हरकत नाही. चार दिवस राहीन. फोन करून आधी विचारलं असतं, पण तू नाही म्हणली असती तं मले हे लिहायचं राहून गेलं असतं. हे पत्र मिळाल्यावर नको वाटलं तं करिष्माकडून कळव, मी येणार नाही आणि मनातही ठेवणार नाही.

तिकिटं काढून ठेवली आहेत. मागं दोनदा आलो तेव्हा परतीची दोन काढली होती, एक तुझ्या नावाचं. तुले सांगितलं नाही कधी. दोन्ही वेळा बाजूचा बर्थ रिकामा आला, टीसीनं विचारलं तं म्हणलं, बाई पुढच्या स्टेशनले चढेल. या वेळी परतीचं एकच काढलं.

चंद्रभान